आठवं वल्हं

हेक्सम
४ ऑक्टोबर १९९२

प्रिय एनिड,

नाताळच्या कार्डाखेरीज माझं अक्षर दिसलं की तू आधी चष्मा पुसणार आणि मग विचारणार, "कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही. विल्फ बरा आहे, मी बरी आहे, छप्पर गळत नाही. बस आणि चहा घे.

काम ब्रायनीचं आहे. माझी नात तुझ्याच कॉलेजात आली आहे, इतिहास शिकायला. सात वर्षांची असल्यापासून ती आमच्याकडे वाढली. तिची आई टोरंटोत नव्या संसारात आहे आणि वाढदिवसाला न चुकता कार्ड पाठवते. विल्फ विसरायला लागला तेव्हा ब्रायनी शाळेत होती. तेव्हापासून त्याची दाढी तीच करायची. माझ्या हातात वस्तरा दिसला की तो तोंड फिरवतो, आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी त्याला दोष देत नाही.

तर आता ही पोर तिथे आणि जीव इथे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "आजी, खरं सांग, मी परत येऊ का?" मी सांगते, सगळं ठीक आहे, तुझ्या आजोबांनी आज दोन वाट्या सूप घेतलं. पण तिचा विश्वास बसत नाही, ती तोच प्रश्न पुन्हा विचारते.

तिला परत येऊ देऊ नकोस. एवढंच मागणं आहे.

कारण तुला ठाऊक आहे. आईला झटका आला तेव्हा मी एका सत्रापुरती घरी आले होते. ते सत्र अजून संपलेलं नाही. ब्रायनीला यातलं काही माहीत नाही. तिला सांगितलंय की मला अभ्यासाचा कंटाळा आला, विल्फ भेटला, लग्न करून मोकळी झाले. ते तसंच राहू दे. माझी कीव करून तिने काही करावं हे मला नको आहे.

फोन करू नकोस. घंटा वाजली की विल्फ दार उघडायला जातो आणि मग दार उघडंच राहतं. ब्रायनीच्या फोनच्या वेळी मी त्याला आधीच खुर्चीत चहा देऊन बसवते.

तुझी,
मॅज


सेंट ॲग्नेस कॉलेज, केंब्रिज
१२ ऑक्टोबर

प्रिय मॅज,

चष्मा पुसला. चहाही घेतला. तरी पत्र तेच निघालं.

दर ऑक्टोबरला पोरींची नवी टोळी येते. त्यांचं वय दर वर्षी तेच असतं, माझं मात्र पुढे सरकतं. हा कुठला न्याय ते मला कळलेलं नाही. लॅटिनच्या त्याच चुका, त्याच जिन्यावर तीच सायकल, आणि माझा गुडघा. तुझी नात आली नसती तर मी या वर्षी कुणाचं नावही लक्षात ठेवणार नव्हते.

तिला शेरी प्यायला बोलावलं. (तुझ्याबद्दल तिला काही सांगणार नाही, शब्द देते.) खुर्चीच्या कडेवर बसली, कोट काढला नाही, तीन प्रश्नांना तीन शब्दांत उत्तरं दिली. मी मनात म्हटलं, मॅजची नात आणि इतकी उद्धट! ती गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. उद्धट नव्हती. स्टेशनावरच्या बाकावर माणूस बसतं ना, तशी बसली होती. ही मुलगी अजून इथे उतरलेलीच नाही.

आता अशा पोरीला बांधायचं कसं? व्याख्यानाला दांडी मारली तर कुणाचं काही अडत नाही, माझ्या व्याख्यानाला तर नाहीच. मायेने बांधावं, तर ते मला जमत नाही. म्हणून तिला होडीला बांधलं आहे. आमची बोटक्लबची कप्तान हॅरिएट, दुसऱ्या वर्षाची, घोड्याएवढी उंच आणि तेवढीच उत्साही, नवशिक्या गोळा करत फिरत होती. ज्यांनी जन्मात वल्हं धरलेलं नाही अशा आठ पोरी आणि एक सुकाणूवाली शोधायची, आणि नोव्हेंबर अखेर त्यांना दुसऱ्या कॉलेजांच्या तसल्याच आठांसमोर सोडायचं. हे वेड अजून चालू आहे. मी हॅरिएटच्या कानात सांगितलं, "ती पायऱ्यांवर बसलेली लाल वेणीवाली. नाही म्हणाली तरी सोडू नकोस."

आता गंमत पाहा. आठातली एक जरी आली नाही तरी होडी निघत नाही. बाकीच्या पहाटेच्या थंडीत बोटं चोळत उभ्या राहतात आणि परत जातात. एकदा हे पाहिलेलं माणूस पुन्हा पांघरुणात तोंड खुपसू शकत नाही. मी खुपसू शकत नव्हते, आणि माझ्याइतकी आळशी पोर त्या वर्षी दुसरी नव्हती.

बोटघराच्या भिंतीवर आपला फोटो अजून आहे. तिसऱ्या जागेवर मी, चौथ्यावर तू, सगळ्यांचे चेहरे गारठलेले. तो पाहून पोरींना वाटतं की मी कोणी मोठी वल्हेकरीण होते. पहिल्या वर्षी पूर आणि दुसऱ्या वर्षी धुकं, शर्यतीच्या नावाने आपण पाहिलं ते शर्यत रद्द झाल्याचं लाल निशाण, हे कुणी विचारत नाही. मीही आपण होऊन सांगत नाही. म्हातारपणी थोडी फुकटची कीर्ती मिळाली तर घ्यावी.

तुझी,
एनिड


हेक्सम
२५ ऑक्टोबर

प्रिय एनिड,

तू काय केलंस? काल ब्रायनीने फोनवर पाव तास एका वल्ह्याबद्दल सांगितलं. त्याला चीर आहे, ते कसं धरायचं, हॅरिएट काठावरून सायकल चालवत कशी ओरडते आणि परवा ओरडता ओरडता झुडपात कशी गेली. हातांना फोड आलेत म्हणे. मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून थोडी रडले. आणि "परत येऊ का" हे तिने शेवटी विचारलं, सुरुवातीला नाही.

इथे सगळं ठीक. विल्फला हल्ली मी मिसेस डॉबसन वाटते. कोण ही मिसेस डॉबसन देव जाणे, पण तिच्याशी तो फार अदबीने वागतो. लग्नानंतर इतक्या वेळा "कृपया" मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

वल्ही नीट धरायला शिकव तिला. आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मॅज

जाम छान झाला आहे


सेंट ॲग्नेस कॉलेज
३ नोव्हेंबर

प्रिय मॅज,

तुझ्या पत्राच्या तळाशी "जाम छान झाला आहे" असं दुसऱ्या अक्षरात लिहिलं आहे. अक्षर विल्फचं. कागदावर लोण्याचा डाग, आणि तारखेनंतर पाकिटावरचा शिक्का सहा दिवसांनी पडलेला. तू पत्र लिहून लगेच पेटीत टाकणारी बाई आहेस. मी जन्मभर तुटक्या शिलालेखांवरून माणसं कशी मेली ते ओळखत आले. तू मला फसवणार?

तेव्हा खरं काय ते लिही. तोवर माझ्याकडची खबर.

आठवड्यातून दोनदा पहाटे नदीवर जाते. हॅरिएटला वाटतं मी जाणकार म्हणून येते. मी येते कारण झोप नाहीतरी लागत नाही. आपल्या होडीबद्दल चांगलं सांगण्यासारखं इतकंच की ती तरंगते. आठ पोरी आठ वेगवेगळ्या दिवशी वल्हं मारतात. सुकाणूवर जिनी म्हणून चिमणीएवढी पोर आहे, तिला डावं-उजवं अजून कळत नाही. परवा तिने होडी थेट बदकांत नेली.

ब्रायनी चौथ्या जागेवर. (मी सांगितलं नव्हतं, हॅरिएटने आपणहून बसवली.) परवा तिने खेकडा धरला. आठवतंय ना? वल्हं पाण्यात तिरकं घुसतं, निघत नाही, आणि मूठ येऊन पोटात बसते. होडी थांबली. मला वाटलं आता रडेल. तर ती वल्ह्याखालून डोकं काढून म्हणाली, "माझे आजोबा म्हणतील, एवढ्या लांब जाऊन खेकडेच धरायचे होते तर घराजवळ समुद्र काय वाईट होता?" सगळ्या हसल्या. मागे तिसऱ्या जागेवर फिलिपा बसते, ती इतकी हसली की होडी पुन्हा बदकांकडे गेली.

म्हणजे पोर थोडी थोडी उतरते आहे. आता तू लिही.

एनिड


हेक्सम
१२ नोव्हेंबर

प्रिय एनिड,

ठीक आहे. लिहिते.

विल्फ गेल्या बुधवारी घरातून निघून गेला. मी वर चादरी बदलत होते. तो सपाता घालून, माझी ढगळ झालेली लोकरीची टोपी डोक्यावर चढवून, पुलापर्यंत गेला. पोलीस शिपाई त्याला घेऊन आला तेव्हा तो त्यालाच घरचा रस्ता समजावून देत होता, आणि चुकीचा. रात्री तो तीन-चारदा उठतो. मीही उठते. दारांना कड्या लावल्यात, त्या तो उघडतो. सुतार होता ना, हात विसरलेले नाहीत. मी शेवटची सलग कधी झोपले ते आठवत नाही. त्या बुधवारच्या आधी एकदा दुधाच्या रिकाम्या बाटल्या दारात ठेवायला गेले आणि पायरीवर बसल्या बसल्या डोळा लागला. शेजारच्या मिसेस ऑर्डनी उठवलं.

मी दमले आहे, एनिड. हे मी कुणाला म्हटलेलं नाही. कधी कधी तो झोपलेला असताना मी त्याच्याकडे बघते आणि मनात जे येतं ते लिहिण्यासारखं नसतं. मग तो जागा होतो, म्हणतो, "मिसेस डॉबसन, तुम्ही दमलेल्या दिसता, घरी जा आता." आणि मी त्याचं पांघरूण नीट करते.

मदत घे असं तू सांगशील. चर्चच्या सभागृहात दिवसभर अशा लोकांना सांभाळतात, डॉक्टर मला वर्षभर तेच सांगतोय. पण मी आईला कुणाच्या हाती दिलं नाही, त्याला कसा देऊ?

खरी भानगड पुढेच आहे. बुधवारी मी विल्फला शोधत रस्त्यावर होते तेव्हा ब्रायनीचा फोन आला, आणि तो आमच्या घरात थांबलेल्या मिसेस ऑर्डनी घेतला. बाई मनाने चांगली, तोंडाने फाटकी. तिने सगळं सांगून टाकलं, पायरीवरच्या झोपेसकट. आता ब्रायनी म्हणते, "शर्यत झाली की मी येते, आजी, आणि परत जाणार नाही. शर्यतीपर्यंत थांबते, कारण मी गेले तर सात जणी अडतील. पुढे तिथे कुणाचं काही अडत नाही. कॉलेज सोडण्याचं मी माझ्या शिक्षिकेशी बोलते."

मी ओरडले, समजावलं, खोटं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुला मी नकोय का घरी?" हो म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी ती पहिल्या गाडीने येईल. मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून तिला वाटतंय की मी तिला लोटते आहे.

काही कर.

मॅज


सेंट ॲग्नेस कॉलेज
२४ नोव्हेंबर

प्रिय मॅज,

घाईत लिहिते आहे. काल फिलिपा सायकलवरून पडली आणि मनगट मोडलं. शर्यत शनिवारी. हॅरिएट कॉलेजभर फिरली. जिला पोहता येतं तिला वल्हवायचं नाही, जिला वल्हवायचंय तिला ताप आहे, आणि बाकीच्यांनी शाळेत वल्हवलेलं असल्याने त्या नवशिक्यांत धरत नाहीत. आठवी नाही म्हणजे होडी मागे घ्यायची.

संध्याकाळी ब्रायनी माझ्या दारात आली. या वेळी कोट काढून हातात घेतला होता. म्हणाली, "डॉक्टर गारसाइड, होडी निघणार नसेल तर मी गुरुवारीच जाते. थांबायचं कारण संपलं." मी म्हटलं, "शनिवारपर्यंत शब्द दिला होतास." ती म्हणाली, "शब्द होडीला दिला होता. होडीच नाही."

बोलणं बिनतोड होतं. तुझ्यासारखंच.

मी रात्रभर (अशीही जागीच असते) शर्यतीचे नियम वाचत बसले. मॅज, नवशिकी कोण ते तिथे स्वच्छ लिहिलं आहे. जी कॉलेजची सदस्य आहे आणि जिने आजवर कुठल्याही शर्यतीत सुरुवात केलेली नाही, ती. वय लिहिलेलं नाही. विद्यार्थिनीच असावी असं पूर्वी होतं, ते आता काढलंय.

मी सकाळी हॅरिएटला विचारलं, "वल्हं धरलं, सराव केला, पण शर्यत कधीच सुटली नाही, अशी बाई चालते का?" ती म्हणाली, "चालते ना! पण आणायची कुठून?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. चाळीस वर्षांची कीर्ती एका मिनिटात गेली, आणि ती मीच घालवली.

गुडघा डॉक्टरला दाखवणार नाही. तो नको म्हणेल.

एनिड


हेक्सम
२६ नोव्हेंबर

एनिड,

तू वेडी आहेस का? अठ्ठावन्न वर्षांची बाई! त्या बैठका सरकतात, विसरलीस? थंडीत छाती भरली म्हणजे? तू मेलीस तर मी पत्र कुणाला लिहू?

लोकरीचे पायमोजे दोन घाल. आणि पोटात काही तरी घालून जा, नुसत्या चहावर नको.

मॅज


सेंट ॲग्नेस कॉलेज
२९ नोव्हेंबर

प्रिय मॅज,

मेले नाही. पण जिवंत आहे असंही छातीठोक सांगत नाही. हे पलंगावर पडून लिहिते आहे. हात वर केला तर पाठ ओरडते आणि पाठ वळवली तर बरगडी.

आधी तुझ्या मनोरंजनासाठी: आता या शर्यतीत सोंगं घेऊन उतरतात. आपल्या पोरी मधमाश्या झाल्या होत्या. फिलिपाचे पंख मला बरोब्बर बसले. नदीकाठच्या गर्दीत माझ्या खात्याचा प्रमुख नातवाला घेऊन उभा होता. त्याने मला ओळखलं आणि टोपी काढली. लॅटिनच्या प्राध्यापिकेने याहून वर आता चढायचं तरी कुठे?

शुक्रवारच्या एका सरावात मी जे शिकले ते इतकंच की शरीर काहीही विसरत नाही आणि काहीही माफ करत नाही. मला तिसऱ्या जागेवर बसवलं. पुढे ब्रायनी. मॅज, होडीत बसलेल्याला दुसरं काहीच दिसत नाही, फक्त पुढच्या माणसाची पाठ. मी वर पाहिलं तर तुझीच पाठ. तसाच डावा खांदा किंचित खाली, तशीच वेणी. मला क्षणभर कळेना की कुठलं साल आहे. तुझ्या विल्फचं काय होत असेल ते मला त्या दिवशी थोडं समजलं.

सुरुवातीच्या रेषेवर दोन होड्या शेजारी. होडी सरळ नसेल तर सुकाणूवाली हात वर धरते, आणि तो हात खाली येईपर्यंत शर्यत सुटत नाही. जिनीचा हात वर होता. आम्ही वाहत बदकांकडे चाललो होतो. एवढी वर्षं मला त्या रेषेवर यायचं होतं आणि आता वाटत होतं की त्या पोरीने हात खाली घेऊच नये. मला भीती वाटली. खूप. मी पुढे वाकून म्हटलं, "ब्रायनी, मला जमणार नाही." ती मागे न वळता म्हणाली, "मलाही नाही. पण आता उतरणार कुठे?"

आणि हात खाली आला.

समोरच्या पोरी समुद्री चाचे होत्या. त्या गेल्या. आम्ही मागून. शंभर-एक हात बरे गेलो, होडी खरंच एकदा उचलली गेली, तळाखाली पाणी वाजलं. तू ऐकायला हवं होतंस. मग मी खेकडा धरला. मूठ बरगडीत बसली, पंख तुटले, मी आडवी. होडी थांबली. ब्रायनी ओरडली, "डॉक्टर गारसाइड, जिवंत आहात का?" मी म्हटलं, "लॅटिनमध्ये सांगू का?" ती म्हणाली, "मग आहात. चला!" आणि आम्ही पुन्हा निघालो. अंतिम रेषा ओलांडली तेव्हा चाचे होडीतून उतरून बिस्किटं खात होते.

आता ते सांगते, जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं आणि गेला तासभर टाळते आहे.

काठावर आम्हाला घोंगड्या आणि सूप दिलं. ब्रायनी माझ्या शेजारी बसली. तिने विचारलं, "तुम्ही हॅरिएटला म्हणालात, एकदा पूर आणि एकदा धुकं. तुमचं नशीबच वाईट, नाही?" मी "हो" म्हणणार होते. तुला शब्द दिला होता. पण तिने कोट पुन्हा अंगात घातला होता, बटणं लावत होती, आणि मला ते बघवेना.

मॅज, दुसऱ्या वर्षी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. तशा उन्हाचा नोव्हेंबर मी पुन्हा पाहिला नाही. तुझी जागा रिकामी होती. आम्ही आठवी खूप शोधली, मिळाली नाही, होडी मागे घेतली. आम्ही सात जणी पुलावर उभं राहून दुसऱ्यांची शर्यत पाहिली. तुला धुकं म्हणून लिहिलं, कारण तू आईला चमच्याने भरवत होतीस. तुझ्या डोक्यावर आणखी सात जणी कशाला ठेवायच्या? तू पुढच्या सत्रात येशील असं तेव्हा आम्हाला वाटत होतं. तुझी खोली मी नाताळपर्यंत झाडून ठेवली होती.

हे सगळं मी तिला सांगितलं. हेही सांगितलं की तुझं लॅटिन माझ्यापेक्षा चांगलं होतं. सगळ्या कॉलेजला माहीत होतं की इथे राहणार ती मॅज. मी ज्या खुर्चीत एवढी वर्षं बसून कुरकुर करते आहे ती तुझी आहे. एकही दिवस मला तसं वाटल्यावाचून गेलेला नाही.

ती म्हणाली, "आजी म्हणते तिला अभ्यासाचा कंटाळा आला होता."

मी म्हटलं, "तुझी आजी म्हणते तिच्या घरी सगळं ठीक आहे."

तिने सूप संपवलं. मग माझे तुटलेले पंख उचलले आणि मला जिन्यापर्यंत धरून आणलं. तिने काय ठरवलं ते मला ठाऊक नाही. मी शब्द मोडला. तू रागावशील. रागाव, पण लिही.

एनिड


हेक्सम
३ डिसेंबर

एनिड,

रागावले. दोन दिवस रागावले होते. मला कशाचा राग आला ते मात्र ठरवता येईना. तू सांगितलंस त्याचा, की इतकी वर्षं सांगितलं नाहीस त्याचा. लख्ख ऊन होतं! मी त्या धुक्याच्या आधारावर काढली आहेत ती वर्षं. मला वाटायचं, मी असते तरी शर्यत झालीच नसती. फार आधार होता गं त्याचा.

त्याच शनिवारी रात्री ब्रायनीचा फोन आला. "मी परत येऊ का" असं तिने विचारलं नाही. विचारलं, "आजी, तुला परत जायचं होतं?"

विल्फ खुर्चीत होता, टोस्टच्या कडा काढून रांगेत लावत होता. मी म्हटलं, "हो. खूप." हे दोन शब्द मी कुणापुढेही बोललेले नाहीत, विल्फपुढेसुद्धा नाही. मला वाटलं होतं की बोलले तर घर कोसळेल. विल्फने एक कड उचलून मला दिली.

ब्रायनी म्हणाली, "तू मला लोटत नव्हतीस तर." मी म्हटलं, "नाही गं बाळा." मग तिने मला झापलं. माझ्या नातीने, मला! म्हणाली, "मग ऐक. मी इथेच राहते. सुट्टीत येईन, आजोबांची दाढी करीन आणि परत जाईन. पण तूही एकटीने वल्हवायचं बंद कर. तूही सात जणी शोध."

सात जणी. तुझंच शिकवणं.

मॅज


हेक्सम
१७ जानेवारी १९९३

प्रिय एनिड,

तुझी बरगडी बरी झाल्याचं ब्रायनीकडून कळलं. सुट्टीत ती महिनाभर इथे होती आणि गेल्या मंगळवारी गाडीत बसली. खिडकीशी बसून तिने आधी काय केलं असेल तर कोट काढून वर ठेवला. मी फलाटावर होते. तू लिहिलं नसतंस तर माझ्या ते लक्षातही आलं नसतं.

सात जणी काही मिळाल्या नाहीत. चार मिळाल्या, आणि त्यातली एक मिसेस ऑर्ड. रात्रीचं ती बघते, आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगते. चालायचंच. मंगळवार आणि शुक्रवार विल्फ चर्चच्या सभागृहात जातो. पहिल्या दिवशी त्याला तिथे सोडून मी दारातच घुटमळले. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मिसेस डॉबसन, माझी बायको येईल मला न्यायला. तुम्ही काळजी करू नका." तिथे एक मोडकी खुर्ची होती, तिच्याकडे वळला, आणि मला विसरला.

मी घरी आले. तुला वाटेल रडले. मी बूटसुद्धा न काढता झोपले आणि दुपारी उठले. मग घरात कुणीच नसताना काय करायचं असतं ते आठवेना. शेवटी माळ्यावर चढून ते जुनं लॅटिनचं पुस्तक शोधलं. पहिलं पान वाचायला तासभर लागला. तुझ्या पोरींच्या असतात म्हणतेस त्याच चुका केल्या असणार. अजून दमलेलीच आहे, एनिड. हा शिणवटा एका झोपेने जाणारा नाही. पण दुसरं पान उघडं ठेवलंय.

एक विचारायचं होतं. त्या फोटोतल्या बाकीच्या सगळ्या पुढे कुठे ना कुठे शर्यत वल्हवून आल्या असं तू मागे एका नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस. आता तूही शर्यत केलीस. म्हणजे त्या होडीतली नवशिकी उरले ती मी एकटी. तुमच्या नियमांत, जी सदस्य एका सत्रापुरती घरी गेली आणि जिने नाव कधी काढून घेतलं नाही, तिचं काय लिहिलंय ते जरा बघ.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मोकळी असते.

तुझी,
मॅज